डोंगरी मुलखातला खेळाचा तास

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले दोन तालुके. तिथे शारीरिक शिक्षणाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास पुढे येतो: इथल्या पोरांना व्यायाम वेगळा शिकवायचा कशाला? प्रश्न निराधार नाही. तोरणा समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंच आहे, राजगड त्याच्या जवळपास पोचतो. रायरेश्वराच्या पठारावरची वस्ती लोखंडी शिडी चढून गाठावी लागते. या उंचसखल मुलखात पाण्याचा हंडा, जळणाची मोळी, गुरांमागची पायपीट आणि भाताची लावणी यांतच माणसाचा दिवस जातो. ज्या घरात अंग मोडेपर्यंत काम होते, त्या घराला दंडबैठका किंवा कवायत ही भरल्या पोटाची चैन वाटली तर नवल नाही.

मात्र या समजातून पुढे बरेच काही निघाले. श्रम म्हणजेच व्यायाम असे मानले गेले. खेळ हा काम उरकल्यावर उरलेल्या वेळेचा ठरला, आणि शाळेतला खेळाचा तास गणिताला किंवा इंग्रजीला केव्हाही देता येईल असा झाला. ‘खेळून कुणाचं पोट भरलंय?’ हे वाक्य घरात बापाच्या तोंडी असते आणि शिक्षकांच्या खोलीत ‘पोर्शन पुरा व्हायचाय’ या रूपात येते. या दृष्टिकोनाची मुळे आणि त्याचे परिणाम या दोन तालुक्यांत ठळकपणे पाहता येतात.

श्रम, व्यायाम आणि खेळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आषाढातली लावणी हे त्याचे नेहमीचे उदाहरण. इरले किंवा प्लास्टिकचा कागद पाठीवर घेतलेली बाई सकाळपासून दिवस मावळेपर्यंत घोटाभर चिखलात कमरेत वाकून असते. आवणातले काम संथ चालते. त्यात हृदयाचे ठोके व्यायामाइतके वाढत नाहीत, पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू एकाच अवस्थेत तासन्‌तास ताणलेले राहतात. कधी थांबायचे, किती विसावायचे हे तिच्या हातात नसते, पाऊस आणि पैरा ते ठरवतात. डोक्यावरच्या ओझ्याचेही तसेच. मान आणि गुडघे झिजतात, दम मात्र वाढत नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी गेल्या काही दशकांत हेच तपासले. कामावरचे शारीरिक कष्ट आणि मोकळ्या वेळेतला व्यायाम यांचे हृदयावर होणारे परिणाम सारखे नसतात, असे त्यांच्या अभ्यासांतून पुढे आले. दीर्घकाळ चालणारे, विश्रांती नसलेले आणि स्वतःच्या मर्जीने न थांबवता येणारे कष्ट शरीराला व्यायामासारखे घडवत नाहीत. चाळिशीतच कंबर धरून उठणाऱ्या बायका ज्या वाडीत आहेत, तिथे हे सांगायला संशोधकाची गरज नव्हती. तरीही ‘आमच्याकडे व्यायाम आपोआप होतो’ हा समज तिथेच सर्वांत पक्का आहे.

मुलांची गोष्ट आणखी वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे-स्नायू बळकट होतील असा व्यायाम हवा. पूर्वी वाडीवरून शाळेपर्यंतच्या चढउतारातच यातले बरेचसे होऊन जाई. आता अनेक वाड्यांपर्यंत रस्ता झाला आहे, मुले जीपने किंवा एसटीने येतात, घरात गॅसची शेगडी आहे, दाराशी नळ आहे, चिखलणीला पॉवर टिलर आहे. या सोयी आल्या हे चांगलेच झाले, त्यांच्यासाठी लोकांनी अनेक वर्षे वाट पाहिली. पण कष्ट कमी झाले तरी कष्टांवर उभा असलेला समज जागचा हलला नाही. पायपीट संपली आणि तिच्या जागी खेळ आला नाही, मोबाइल आला.

कष्ट पुरेसे आहेत, खेळाची गरज नाही, असे इथल्या लोकांनी पूर्वी मात्र मानले नव्हते. गावाचे वर्षच याची साक्ष देते. लावणी उरकली की नागपंचमीला झाडाला झोके बांधले जात, बायका फेर धरून फुगड्या घालत. श्रावणात मंगळागौरीच्या रात्री झिम्मा, पिंगा, बसफुगडी, आगोटापागोटा चाले. दिवसभर चिखलात राबलेल्या बाईने रात्री घामाघूम होईस्तोवर फुगडी घालावी, यातच श्रम आणि खेळ यांचा फरक कळतो. फुगडीत गती, थांबणे, जोडीदारीण हे सारे तिच्या पसंतीचे असते आणि ती हसत असते. हस्त नक्षत्रात भोंडल्याला पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फिरत. भात कापून झाले की पोरांना खाचरे मोकळी मिळत. आजही पौष-माघात उतारावरच्या एखाद्या रुंद खाचरात क्रिकेट रंगलेले दिसते. खेळपट्टीपुरती धसकटे खुरप्याने काढलेली, बाकी सगळीकडे तशीच, आणि चेंडू बांधावरून खालच्या खाचरात गेला तर किती धावा हे आधीच ठरलेले. अनवाणी पायाला धसकट टोचते, म्हणून क्षेत्ररक्षण करणारा पोर पाय उचलून टाकत धावतो.

वर्षाचा कळस म्हणजे चैत्र-वैशाखातली जत्रा. पालखी-छबिन्याची रात्र झाली की बहुतेक गावांत दुसऱ्या दुपारी कुस्त्यांचा फड भरतो. हलगी कडाडते. आधी सात-आठ वर्षांची पोरे चड्डीवर मातीत उतरतात. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लागतात. पंच दोघांच्या हातांवर माती देतो, पोरे कपाळाला लावतात आणि भिडतात. पुष्कळदा दोघेही एकमेकांच्या कमरेला धरून गोल फिरत राहतात, कोणालाच डाव येत नसतो, आणि गाव तरी ओरडून दोघांना चढवत असते. अनेक ठिकाणी हरलेल्याच्या हातावरही काही ठेवले जाते. मग इनाम वाढत जाते, दहा-वीस रुपयांवरून हजारांवर, आणि दिवस कलताना मानाची कुस्ती लागते. फडाची ही उतरंड हे अस्सल शिक्षण आहे. वयाने, वजनाने, तयारीने लहान असलेल्यालाही गावासमोर मातीत उतरण्याचा हक्क असतो, आणि त्याची कुस्ती आधी होते. शाळेच्या क्रीडास्पर्धांत हे फारसे दिसत नाही.

शाळेने दुसरी वाट का धरली, याचे उत्तर इतिहासात सापडते. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा आणि मर्दानी खेळ शिकले. एकोणिसाव्या शतकात तालीम ही अशी शाळेबाहेरची, पण शिक्षणाचीच जागा होती. १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने शाळांत देशी खेळ, व्यायाम आणि कवायत यांना उत्तेजन द्यावे अशी शिफारस केली. शाळांनी यातली कवायत तेवढी उचलली, कारण ती सोपी होती. पन्नास मुलांना एका माणसाने एका शिट्टीवर हलवता येते, साधने लागत नाहीत, तपासायला आलेल्या साहेबाला रांगा दिसतात. देशी खेळ गल्लीत राहिले. ‘ड्रिल मास्तर’ हे पद तेव्हा रूढ झाले, आणि शारीरिक शिक्षण म्हणजे सावधान-विश्राम ही समजूत आजही अनेक शाळांत तशीच आहे.

दुसरीकडे व्यायाम हा राजकारणाचा विषय झाला. १८९७ साली रँडचा वध करणारे चापेकर बंधू व्यायामाच्या मंडळातून पुढे आले होते, त्यामुळे तालमीकडे सरकार संशयाने पाहू लागले. समाजाने मात्र आखाड्यांना आणि व्यायामशाळांना आपलेसे केले. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला आणि १९१४ च्या सुमारास तिथेच खो-खोचे नियम बांधले गेले. १९१४ सालीच अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात केली. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ उभे केले. १९२८ साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ आले. हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या, लंगडी यांना ठरलेली मापे आणि नियम मिळाले ते अशा संस्थांमुळे.

संस्थानांचाही यात वाटा आहे. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांत नेले आणि पुस्तक लिहून ते जगापुढे ठेवले. पंतसचिवांचे भोर हेही औंधसारखेच सातारा जहागिरींपैकी एक. त्याचे तालुके किल्ल्यांच्या नावांनी ओळखले जात: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे, ते या जुन्या रिवाजाला धरूनच. ८ मार्च १९४८ रोजी औंध आणि भोर ही दोन्ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. एका राजाने व्यायाम शाळेच्या वेळापत्रकात बसवला होता. विलीनीकरणानंतर ते काम सरकारी खात्याकडे आले.

सरकारी पातळीवर हालचाल त्याआधीच सुरू झाली होती. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई प्रांताने शारीरिक शिक्षणाची आखणी केली आणि १९३८ साली कांदिवलीला शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था निघाली. स्वातंत्र्यानंतर आझाद हिंद सेनेतले जगन्नाथराव भोसले यांनी १९५४ साली राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. शिस्त हा शब्द नावातच होता, आणि पुन्हा रांगा आल्या. आनंद, कौशल्य, आरोग्य हे शब्द अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत राहिले.

आजच्या भोर-वेल्ह्यातल्या प्राथमिक शाळेकडे वळले की अडचण कागदावरच दिसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य आवश्यक ठरवले आहे. मात्र सहावी ते आठवीच्या वर्गांना आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक मिळतो तो पटसंख्या शंभराच्या वर असेल तरच. डोंगरातल्या वाडीवर पट वीसच्या आत असतो, कुठे आठ-दहा. म्हणजे ज्या शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता आणि सगळे विषय असतात, तिथेच शारीरिक शिक्षणाचा शिक्षक कायद्याने येत नाही. समग्र शिक्षा योजनेत क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला पाच हजार, उच्च प्राथमिकला दहा हजार आणि माध्यमिकला पंचवीस हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. त्यातून दोऱ्या, चेंडू, रिंगा, एखादा कॅरम येतो आणि पुष्कळदा कपाटात जातो. हरवले, फाटले तर जाब द्यावा लागेल ही भीती शिक्षकाला असते. ती भीती घालवणे हे त्याच्या वरच्या अधिकाऱ्याचे काम आहे.

क्रीडांगणाची अडचण त्याहून खोल आहे. या दोन तालुक्यांत सपाट जमीन मुळातच थोडी, आणि जी होती ती नदीकाठाला होती. वेळवंडीवरचे भाटघर धरण १९२८ साली झाले. पानशेत, वरसगाव, गुंजवणी, नीरा-देवघर ही धरणे नंतर आली. खोऱ्यांचे तळ पाण्याखाली गेले आणि अनेक वस्त्या वर सरकल्या. पुण्याला आणि नीरेच्या कालव्याखालच्या शेतीला पाणी मिळाले, डोंगरातल्या शाळांच्या वाट्याला उतार आला. चारशे मीटरची धावपट्टी आखायची तर सुमारे १८० मीटर लांब आणि ९० मीटरहून रुंद सपाट जागा लागते. ती इथल्या किती शाळांपाशी निघेल?

देशी खेळांची मापे बघितली की वेगळे चित्र दिसते. पुरुषांचे कबड्डीचे क्रीडांगण १३ बाय १० मीटर, महिलांचे १२ बाय ८. खो-खोला २७ बाय १६ मीटर जागा आणि दोन खांब पुरतात. हे खेळ वाड्यावस्त्यांच्या आणि अंगणांच्या मापाने वाढले, म्हणून ते इथे बसतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ विजयी झाले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे होते. खो-खो हा आता गावठी खेळ म्हणून बाजूला सारण्याचा विषय उरलेला नाही.

तरीही दहा मुलांच्या शाळेत खो-खोचे दोन संघ होत नाहीत. नऊ-नऊचे संघ, वयोगट, मुलगे वेगळे, मुली वेगळ्या, ही सगळी मोठ्या शाळेची गणिते आहेत. वाडीवरच्या पोरांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. सूरपारंब्या, लगोरी, विषामृत, डोंगर-पाणी या खेळांना खेळाडूंची संख्या ठरलेली नसते. पहिलीचे पोर आणि सातवीची पोरगी एकाच डावात असतात. सर्वांत धाकट्याला ‘कच्चं लिंबू’ म्हणून घेतात. ते बाद झाले तरी त्याच्यावर राज्य येत नाही, पण ते सगळ्यांबरोबर धावते, लपते, ओरडते आणि वर्षभरात नियम शिकून पक्के होते. मिश्र वयाच्या छोट्या शाळेसाठी यापेक्षा चांगली पद्धत शिक्षणशास्त्राला अजून सुचलेली नाही. बी. पी. एड. न झालेल्या, एकट्या शिक्षिकेलाही ती चालवता येते. तिने रोज अर्धा तास ठरवून दिला आणि डावाकडे लक्ष ठेवले तरी पुरे. या खेळांना अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत ‘मनोरंजक खेळ’ म्हणून एक ओळ मिळते, छोट्या शाळांसाठी तेच मुख्य शारीरिक शिक्षण मानायला हवे.

पट कमी म्हणून शाळा एकत्र करण्याचा विचार २०२३ मध्ये शिक्षण विभागाने पुढे आणला, तेव्हा समूह शाळेची दोन उदाहरणे ठेवली गेली: नंदुरबारमधले तोरणमाळ आणि वेल्ह्यातले पानशेत. खेळाच्या बाजूने पाहिले तर समूह शाळेत संघ होतात, मैदान होते, शिक्षक मिळू शकतो. पण मुलांचा वेळ गाडीत जातो, आणि शाळा सुटली की गाडीची वेळ झालेली असते. संध्याकाळचा खेळ बुडतो. वाडीवरची शाळा बंद झाली की तिचे पटांगणही गावाच्या वापरातून जाते. समूह शाळेची आखणी करताना गाडी सुटण्याआधी खेळाचा एक तास राखून ठेवला नाही, तर मोठ्या शाळेचा हा फायदा मुलांपर्यंत पोचत नाही.

पावसाचा विचार वेळापत्रकात जवळजवळ नसतोच. सह्याद्रीच्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर पटांगण चिखलाचे असते, म्हणजे पहिल्या सत्रातले बरेचसे खेळाचे तास आपोआप बुडतात. मग हिवाळ्यात केंद्र, बीट, तालुका, जिल्हा अशा पायऱ्यांच्या स्पर्धा येतात, तेव्हा निवडक चार-सहा मुलांची घाईने तयारी होते आणि बाकीची टाळ्या वाजवतात. पावसाळ्याचे चार महिने ओसरीवर आणि वर्गात चालतील असे प्रकार उपलब्ध आहेत: सूर्यनमस्कार, आसने, दोरीच्या उड्या, फुगडी, सागरगोटे, काठीवरचे तोल. दोरीच्या मल्लखांबाला तर छताची एक मजबूत तुळई पुरते, शिकवणारा मात्र जाणता हवा.

मुलींच्या बाबतीत खेळ तुटतो तो सातवी-आठवीच्या सुमारास. गावातली शाळा संपते, माध्यमिक शाळा लांब असते, घरकाम वाढते, पाळी सुरू होते आणि ‘आता पोरींनी उड्या मारायच्या का?’ हे बोलणे सुरू होते. पटांगण रस्त्याला लागून असेल तर बघ्यांचीही अडचण. शाळेत स्वच्छतागृह आणि पाणी नसेल तर मुलगी त्या दिवसांत मैदानावर येतच नाही, आणि शिक्षक पुरुष असेल तर कारणही सांगत नाही. आजीला मंगळागौरीत रात्रभर नाचायची मुभा होती, नातीला दिवसाढवळ्या शाळेच्या पटांगणावर धावताना संकोच वाटतो. ही घसरण परंपरेच्या नावावर खपवता येत नाही. परंपरेत बायकांच्या खेळाला ठरलेली रात्र होती, ठरलेली जागा होती आणि त्या वेळी कामाला सुट्टी होती. शाळेने मुलींना निदान तेवढे द्यावे.

गेल्या काही वर्षांत एका गोष्टीने घरचा विरोध मोडला: पोलीस भरती. शिपाईपदाच्या शारीरिक चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. त्यामुळे पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने धावणारी ‘भरतीची पोरं’ भोरच्या आसपासही दिसतात, आणि त्यांत मुली असतात. पोट भरते म्हटल्यावर खेळाला मान मिळाला. खेळाडूंना दहावी-बारावीत मिळणारे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतले पाच टक्के आरक्षण यांनीही तेच केले. हा मान खोटा नाही, त्याने कित्येक घरे उभी राहिली. पण यामुळे व्यायामाला मुदत लागते. भरती झाली किंवा वयोमर्यादा उलटली की धावणे थांबते. शाळेत दहा वर्षे रोज धावलेला मुलगा भरतीसाठी तीन महिन्यांत गुडघे दुखवून घेणार नाही, ही साधी बाबही त्यात हरवते. कठीण डांबरावर, झिजलेल्या बुटांनी, शरीर तापवल्याशिवाय पळणाऱ्या मुलांच्या नळीच्या हाडाची दुखणी नेहमीची आहेत. शरीर कसे तापवावे, सराव हळूहळू कसा वाढवावा, दुखल्यावर कधी थांबावे हे शारीरिक शिक्षणाच्या तासाला शिकवायचे असते.

मोठ्यांच्या करमणुकीचे चित्र मिश्र आहे. शनिवार-रविवारी पुण्याहून शेकडो माणसे राजगड-तोरण्यावर, मढे घाटात आणि धरणांच्या काठी येतात. शहरातला माणूस पैसे खर्चून जो चढ चढतो, तो गुंजवण्याच्या किंवा वेल्ह्याच्या माणसाला गुरांमागे रोज चढावा लागत होता. आता तोच वाटाड्या होतो, पिठलं-भाकरीची सोय करतो, गडावर ताक-लिंबू विकतो. सुट्टी हा त्याच्यासाठी सर्वांत कामाचा दिवस. शिरवळ, खेड-शिवापूरच्या कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारी तरुण मुले घरी आली की झोपतात. बैलगाडा शर्यतींवरची बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा मान्य केला, तेव्हापासून शर्यतींचे घाट पुन्हा गजबजले. मात्र तिथे बहुसंख्य लोक बघे असतात. भजनी मंडळ, लेझीम, ढोल यांत अजून स्वतः अंग हलवण्याची जागा आहे. लेझमीत तर ताल, दम आणि सांघिकता एकत्र येते, म्हणूनच शाळांनी ती उचलली आणि ती टिकली.

गावाच्या हाती असलेली एक सोय बहुतेक ठिकाणी वापरावाचून पडून आहे. शाळेचे पटांगण सहा वाजल्यानंतर कुलूपबंद असते. ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समिती यांनी ठरवले, एक दिवा लावला आणि दोन जबाबदार माणसे नेमली, तर तेच पटांगण संध्याकाळी मुलींच्या कबड्डीला, भरतीच्या पोरांना आणि गुडघे धरणाऱ्या बायकांच्या चालण्याला मिळू शकते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ग्रामसभेत हा विषय मांडायला आणि कुलपाची किल्ली कोणाकडे राहील ते ठरवायला हवे.